साडेसहाच्या खाली

फाट्यावरच्या टपरीत शेवटचे दोन वडापाव उरले होते, आणि ते दोन्ही हेमांगीने उचलले. पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

तिचा तसा दोष नव्हता. बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर कंटेनरचे ट्रेलर दीड तास जागचे हलले नव्हते. जानेवारीची अखेर होती, तरी दुपारचं ऊन चांगलंच चटके देत होतं. स्कूटी अशा बेचक्यात अडकलेली, की पुढेही जाता येईना आणि मागेही फिरता येईना. सकाळी नुसत्या चहावर बाहेर पडलेली ही मुलगी. तळणीचा वास नाकात शिरला आणि आहारशास्त्राची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी क्षणात विरघळली.

"दोन्ही पाहिजेत?" मागून कुणीतरी विचारलं.

ती वळली. तिशीतला उंच माणूस. खांदे रुंद, शर्टाची मधली बटणं पोटाच्या धाकात... पण डोळे असे हसरे, की रागवायला निघालेल्या माणसाने क्षणभर थांबावं.

"हो, दोन्ही," ती म्हणाली.

"पहाटे चारपासून लायनीत उभा हाय, मॅडम. तो तिसरा ट्रेलर दिसतो ना, निळा? तो माझा."

"अर्धा देते."

"अर्धा? तो तर माझ्या दाढेतच राहील."

तिला हसू आलं. एक अख्खा वडापाव तिने त्याच्या हातावर ठेवला. त्याने स्वतःच्या वाटणीची तळलेली मिरची उचलून अलगद तिच्या कागदावर ठेवली.

"ही कशाला?"

"तुम्हाला लागेल. नाकावर दिसतेय ना... आवड."

तेवढ्यात पुढचे ट्रेलर गुरगुरले आणि रांग हलली. तो दोन घासांत वडापाव संपवून पळाला. पळता पळता त्याने तेलकट कागदाची नीट घडी घातली आणि खिशात टाकली. रस्त्यावर कागदांचा खच पडला होता, तिथे आणखी एक पडला असता तर कुणाला काही वाटलं नसतं. हेमांगीला मात्र ती घडी दिवसभर आठवत राहिली.

दुसऱ्या दिवशी ट्रेलरच्या पार्किंगमध्ये मांडव घातला होता. उरणमधल्या एका ट्रस्टच्या दवाखान्याने ड्रायव्हरांसाठी हृदय आणि साखरेची तपासणी ठेवली होती. डॉक्टर होत्या क्रांतीताई, आणि आहार-व्यायामाचा भाग हेमांगीकडे. ती पोयनाडकडच्या भातशेतीवाल्या घरातली. सहा महिन्यांपूर्वी नोकरीसाठी उरणला आली होती आणि एका खोलीत एकटी राहत होती. तिने माइक हातात घेतला. चाळीस ड्रायव्हर खुर्च्यांवर सैलावून बसले होते.

"तळलेलं महिन्यातून फार तर एकदा," ती ठसक्यात सांगत होती. "पाव शक्यतो नकोच. आणि दोन-दोन तर—"

शेवटच्या रांगेत एक हात वर झाला.

"आणि मिरची, मॅडम? मिरची चालते ना?"

हेमांगीचं पुढचं वाक्य जे हरवलं, ते त्या दिवशी सापडलंच नाही.

रक्तदाब मोजायला तो समोर बसला, तेव्हा कार्डावर नाव होतं : हितेश घरत, वय एकतीस.

"हात सैल सोडा. बोलू नका."

तो बोलला नाही, पण डोळे बोलत होते. यंत्राने आकडा दाखवला : एकशे अठ्ठेचाळीस, खाली चौऱ्याण्णव.

"जास्त आहे," ती म्हणाली.

"तुम्ही हात धरलाय ना, म्हणून वाढला असंल."

"तुमच्या आधी सत्तावीस जणांचे धरले. कुणाचा वाढला नाही."

"त्यांना वडापाव दिला होता काय?"

शेजारी रक्त काढणारी प्रणाली सिस्टर तोंडावर हात ठेवून हसली. हेमांगीने मान खाली घालून कार्डावर आकडा लिहिला, आणि तो चुकून दोनदा लिहिला.

शनिवारी रक्ताचे रिपोर्ट आले. हितेशची तीन महिन्यांची सरासरी साखर आठ पॉइंट चार होती. जिथे साडेसहापासून मधुमेह धरतात, तिथे आठ पॉइंट चार! क्रांतीताईंनी एक गोळी सुरू केली आणि म्हणाल्या, "गोळी एकटी फार काही करत नाही. खरं काम पायांनी आणि ताटाने करायचं. ते हेमांगी सांगेल."

तो हेमांगीच्या टेबलासमोर येऊन बसला. आज हसू नव्हतं.

"माझा बापूस सत्तेचाळिसाव्या वर्षी गेला," तो कागदाकडे बघत म्हणाला. "त्याला पण साखर होती. त्यानं कधी बघितलीच नाय. घाट उतरताना छातीत कळ आली. मागं वीस टन माल. त्यानं गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला, लाइटी चालू केल्या... आणि मग गेला. रस्त्यावर कुणाला खरचटलं पण नाय."

त्या न पाहिलेल्या माणसाविषयी हेमांगीच्या मनात एकदम आदर दाटून आला.

"आयस तेव्हा छत्तीस वर्षांची होती," तो पुढे म्हणाला. "घरात आता माझ्या लग्नाचं चाललंय. तीन पोरींना मी नाय बोललोय. कारण सांगत नाय कुणाला. आज ठरवलं, तीन महिन्यांत हा आकडा साडेसहाच्या खाली आला, तर घरी हो बोलणार. नाय आला तर तो विषय कायमचा बंद. आयसच्या वाट्याला जे आलं, ते दुसऱ्या कुणाच्या पोरीच्या वाट्याला नको."

"अहो, साडेसहा ही डॉक्टरांनी ओळखीसाठी मारलेली रेघ आहे. तिच्या अलीकडे मरण आणि पलीकडे लग्न, असं नसतं काही."

"असू दे. मला रेघ पाहिजे."

"आणि हे मला का सांगताय?"

तो पहिल्यांदा थोडा हसला. "कुणाला तरी बोलून टाकलं म्हणजे मोडता येत नाय."

त्या दिवशी तिने त्याच्या मनगटावर पावलं मोजणारा पट्टा बांधला. चाळीस ड्रायव्हरांना चाळीस पट्टे बांधले होते. पण एकाच मनगटावर बांधताना बकल लागायला एवढा वेळ का लागला, हे प्रणाली सिस्टरने विचारलं नाही म्हणून बरं झालं.

मग शनिवारमागून शनिवार येत गेले. वजन, कंबर, रक्तदाब, आणि आठवडाभराच्या ताटांची चौकशी.

"भाकऱ्या किती?"

"चार होत्या. दीडवर आणल्यात."

"भात?"

"भात म्हणजे... आता आयससमोर भाताला नाय बोलायचं म्हणजे देवाला नाय बोलण्यासारखं. पण मूठभर."

"अर्धं ताट भाजी झाली पाहिजे. मासे चालतील, पण कालवणातले, तळलेले नाही. सुकट, बोंबील तीनदा धुऊन. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मीठ निम्मं. रक्तदाबाला मीठ वैरी आहे."

यावर तो खो-खो हसत सुटला. "मॅडम, आमचं मिठागर हाय! चार पिढ्या मीठ पिकवतोय आम्ही."

पुढच्या शनिवारी त्याची आई, कोकिळाबाई, स्वतः दवाखान्यात हजर झाली. नाकात नथ, कमरेला चाव्यांचा जुडगा, आणि आवाज असा की औषधाच्या खिडकीपर्यंत ऐकू जावा.

"कोन ती पोरगी? माज्या घरान मीठ पिकतंय न् माज्याच पोराला अळनी खायाला लावतेय?"

हेमांगी उठून उभी राहिली. तिने कोकिळाबाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि काहीही न शिकवता हितेशचं कार्ड समोर धरलं. चार आठवड्यांत रक्तदाब एकशे अठ्ठेचाळीसवरून एकशे छत्तीसवर आला होता. कोकिळाबाईंना अक्षर ओळखता येत नव्हतं, आकडे येत होते. त्यांनी दोन्ही आकड्यांवरून बोट फिरवलं. मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "याच्या बापाला असं कोनी सांगितलं असतं तर..." आणि जाताना दारातून वळून बजावलं, "पन कालवनात चिमूटभर टाकीनच मी!"

"चिमूटभर चालेल, काकी," हेमांगी म्हणाली.

दुपारी एक वाजला की फोनवर त्याच्या डब्याचा फोटो यायचा. मेथीची भाजी, मुगाची उसळ, कोलंबी-वांगं, कोपऱ्यात लाजून बसलेली अर्धी भाकरी. खाली एकच ओळ असायची : 'पास?' ती लिहायची, 'पास.' कधी मुद्दाम लिहायची, 'कांदा दिसत नाही. नापास.' पाच मिनिटांत कांद्याचा फोटो यायचा! बाकीच्या एकोणचाळीस जणांचेही फोटो यायचे. पण घड्याळात पाऊण वाजला की हेमांगीचा हात फोनकडे जायचा, तो काही एकोणचाळीस जणांसाठी नव्हे.

एकदा ती त्याच रस्त्याने निघाली होती. ट्रेलरांची तशीच न संपणारी रांग. आणि बघते तर काय, एका निळ्या ट्रेलरभोवती एक माणूस गोल गोल चालतोय! जेवणानंतर दहा मिनिटं चाला, चालणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, असं तिने सांगितलं होतं. त्याने ते अक्षरशः घेतलं होतं.

"एक फेरी म्हणजे पंचावन्न पावलं!" तो लांबूनच ओरडला.

त्याच्या मागे आणखी चार ड्रायव्हर चालत होते. त्यांतला बाबाजी सगळ्यांत जाडा, तो धापा टाकत म्हणाला, "मॅडम, याला आवरा. याच्यामुळं आमची बायका-पोरं पण आता पावलं विचारतात!"

हेमांगी स्कूटीवर बसून बघत राहिली. बारा वर्षं स्टिअरिंगमागे बसलेला माणूस, धुळीत, डिझेलच्या धुरात, कुणी हसतंय याची पर्वा न करता चालत होता. तिने पुस्तकांतून किती तरी वेळा वाचलं होतं, की सवय बदलणं ही माणसाला सगळ्यांत जड जाणारी गोष्ट. ती बदलताना कशी दिसते, हे तिने आज पाहिलं. तिला तो फार आवडला. हे तिने स्वतःशी कबूल केलं, आणि लगेच हेल्मेटची काच खाली केली.

शिमग्यानंतर मात्र काहीतरी बिनसलं. त्याच्या पट्ट्यावरची पावलं घसरली. आधी रोजची नऊ हजार, आता अडीच हजार, तीन हजार. पण वजन? ते उलट भराभर उतरत होतं. कंबर दहा आठवड्यांत सात सेंटीमीटरने कमी झाली होती. आणि चेहऱ्यावर एक थकवा, डोळे लाल.

"पावलं कुठे गेली?" तिने विचारलं.

"सकाळी कामात असतो आजकाल."

त्याच आठवड्यात दोन ड्रायव्हर छातीत धडधड होते म्हणून आले होते. कुणीतरी पार्किंगमध्ये वजन उतरवायची पावडर विकत होतं. क्रांतीताईंनी सगळ्यांना झापलं होतं. हेमांगीच्या मनात शंका आली, आणि तिथेच मुक्काम करून बसली. याला साडेसहाच्या खाली यायचंय. काहीही करून यायचंय. मग याने तर...

शनिवारी त्याने वजनकाट्यावर पाय ठेवला, आणखी दीड किलो कमी. तिचा तोल गेला.

"खरं सांगा, काय घेताय तुम्ही?"

"म्हणजे?"

"पावडर घेताय ना? चालत तर नाही आहात, पट्टा सांगतोय. नुसत्या जेवणाने इतकं उतरत नाही. अहो, ती पावडर हृदयाला मारते! तुमच्या वडिलांचं माहीत असून तुम्ही..."

शेवटचे शब्द तोंडातून निघाले, आणि तिचं तिलाच कळलं की हे बोलायला नको होतं. प्रणाली सिस्टर रक्ताच्या बाटल्या तशाच धरून थिजली होती.

हितेश वजनकाट्यावरून खाली उतरला. रागावला असता तर बरं झालं असतं.

"उद्या सकाळी सहाला मिठागरावर या," तो म्हणाला. "रस्ता आयस सांगेल." आणि चपला घालून निघून गेला.

रविवारी उजाडता उजाडता तिने स्कूटी खाडीच्या बांधाशी लावली. लांबवर बंदराच्या क्रेन माना वर करून उभ्या होत्या, आणि अलीकडे पाण्याचे चौकोन पसरले होते. त्यांत आकाश गुलाबी होत होतं. बांधावर पांढऱ्याशुभ्र मिठाच्या राशी. हवेला खारा, कुंद वास.

आणि त्या पाण्यात, घोट्यापर्यंत बुडून, हितेश उभा होता.

हातात लांब दांड्याची लाकडी फळी. ती तो पुढे टाकायचा, अंग मागे झोकून ओढायचा, आणि तळाशी साकळलेलं मीठ खरखरत त्याच्या पायांशी यायचं. पुन्हा टाकायचा, पुन्हा ओढायचा. पाठ, खांदे, मांड्या... सगळं अंग एका लयीत हलत होतं. दहा आठवड्यांपूर्वी बटणांना धाकात ठेवणारं पोट आता कुठे गेलं होतं कोण जाणे! पावलं तो फारशी टाकतच नव्हता. एका जागी उभा राहून तो अख्खं आगर ओढत होता.

बांधावरच्या झोपडीत एक म्हातारा चुलीवर चहा ठेवून बसला होता. हितेशचे काका, बुधाजी, वय सत्तरच्या पुढे, पण अंगावर चरबी औषधालाही नव्हती.

"तू ती डाक्तरीन काय, बाय?" त्यांनी विचारलं. "बस. माजी दोन मानसं शिमग्याला गावाला गेली ती आलीच न्हाय. मीठ तर तयार. मी बोललू, जाऊ दे, यो सालचा आगार सोरून देऊ. तर यो पोर बोलला, काका, तू नको सोरू, मी हाय. तवापासून रोज साडेपाचला येतंय. दोन तास मीठ ओरतंय, मंग गारीवर जातंय."

झोपडीच्या खुंटीवर काहीतरी लोंबकळत होतं. हेमांगीने जवळ जाऊन बघितलं. पावलं मोजणारा पट्टा! स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबर लावून.

हितेश बांधावर आला. घामाने आणि खाऱ्या पाण्याने निथळत होता.

"पट्टा इथे का टांगलाय?" तिचा आवाज बारीक झाला होता.

"दवाखान्याची वस्तू हाय. खाऱ्या पाण्यात सडली तर बोलणी तुम्हाला बसतील."

"आणि हे मला सांगितलं का नाही? दोन तास... रोज..."

"सांगितलं ना. सकाळी कामात असतो बोललो."

"अहो, पण हा व्यायाम आहे!"

तो खरोखरच गोंधळला. "हे? हे तर काम हाय, मॅडम. व्यायाम म्हणजे चालायचं, ते पट्टा लावून. हे आजोबा करायचा, पणजोबा करायचा. त्यांना कोण बोललं व्यायाम?"

हेमांगी मटकन बांधावर बसली. चूक कुणाची होती? याने पिढ्यान्‌पिढ्यांची मेहनत व्यायामात धरलीच नाही, आणि तिने पट्ट्याने सांगितलं तेवढंच खरं मानलं. ज्या ओढण्याने स्नायू घडतात, ज्या स्नायूंत साखर जिरते, ते सगळं या माणसाच्या घरात चार पिढ्या रोज पहाटे चाललं होतं. मध्ये बाप-लेक स्टिअरिंगमागे जाऊन बसले, तेवढाच काय तो खंड. समोरच्या म्हाताऱ्या बुधाजींकडे बघितलं तरी कळत होतं.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "फार चुकलं. तुमच्या वडिलांचं तर मी काढायलाच नको होतं."

त्याने ओढायची फळी तिच्यापुढे धरली.

"घ्या. दहा वेळा ओढा. मग माफ."

तिने सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात उतरली. मीठ तळव्यांना टोचलं. पहिल्या ओढीला फळी जागची हलली नाही, दुसरीला ती स्वतः घसरली, आणि सातव्या ओढीला तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. बुधाजी बांधावरून ओरडले, "कंबरंतून ओर गो, बाय! हातातून न्हाय!"

दहा झाल्या. ती धापा टाकत बांधावर आली. हितेशने तिचं मनगट धरलं, दोन बोटं नाडीवर ठेवली आणि दुसऱ्या हातातल्या फोनवरच्या घड्याळाकडे बघू लागला. तिनेच शिकवलं होतं सगळ्यांना.

"एकशे बत्तीस," तो गंभीरपणे म्हणाला. "मॅडम, तुमचा वाढलाय."

"मीठ ओढलंय... म्हणून."

"तेवढ्यानंच?"

बोटं अजून नाडीवरच होती. खोटं बोलायची सोय नव्हती. ती खाडीकडे बघत राहिली आणि आकडा काही खाली यायचं नाव घेईना.

एप्रिल संपता संपता शेवटचं रक्त तपासणीला गेलं. रिपोर्ट मंगळवारी दुपारी आला. क्रांतीताई अलिबागला गेल्या होत्या, पाकीट हेमांगीच्या टेबलावर पडलं. ते उघडायला तिला दहा मिनिटं लागली.

सहा पॉइंट सहा.

तिने पुन्हा वाचलं. आकडा तोच. आठ पॉइंट चारवरून तीन महिन्यांत सहा पॉइंट सहा! पुस्तकात छापावा असा आकडा होता तो. दुसऱ्या कुणाचा असता तर तिने पेढे... नाही, पेढे नाही, पण काकड्या तरी वाटल्या असत्या. आणि तरीही तिने कागद पालथा घातला. साडेसहाच्या खाली, तो म्हणाला होता. एवढ्याशा फरकाने हा माणूस आयुष्यभर एकटा राहील, आणि कुणाला कारणही सांगणार नाही. क्षणभर तिच्या मनात आलं, सहाच्या पुढचा आकडा फोनवर कुणाला दिसतोय? 'चार' म्हणून सांगून टाकावं. पण ज्याने दवाखान्याचा पट्टा पिशवीत घालून जपला, त्याच्याशी खोटं बोलायला तिची जीभ वळेना.

रिपोर्ट आलाय, एवढंच तिने फोनवर कळवलं आणि चार वाजता तो दारात उभा राहिला. शर्ट घामाने भिजलेला, पायांवर धूळ.

"गाडी कुठेय?" तिने विचारलं.

"चालत आलो. गावापासून. गाडीत बसवेना."

"नऊ किलोमीटर?"

"सांगा लवकर."

तिने कागद समोर ठेवला. त्याने बघितलं.

"राहिलं," तो म्हणाला.

"काय राहिलं? रक्तदाब एकशे चोवीस, ऐंशी. कंबर नऊ सेंटीमीटर कमी. वजन आठ किलो कमी. तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंय? मी इतकी वर्षं शिकले, पण असं करून दाखवणारा माणूस मी पहिल्यांदा बघतेय."

"ते ठीक हाय. पण बोललो होतो ना मी... साडेसहाच्या खाली." त्याने मनगटावरचा पट्टा सोडला, पुसला आणि टेबलावर ठेवला. "कोर्स संपला. ही तुमची वस्तू."

तो उठला. दारापर्यंत गेला. हेमांगीला वाटलं, आता गप्प बसले तर जन्मभर गप्प बसावं लागेल.

"थांबा. एक विचारायचं राहिलं."

तो थांबला.

"ही अट तुम्ही घातलीत, आकडा तुम्ही ठरवलात, नापासही तुम्हीच केलंत. जिच्याशी लग्न करायचं, तिला विचारलंत का कधी?"

"काय विचारायचं?"

"हेच... की तिला किती चालेल."

पंखा गरगरत होता. प्रणाली सिस्टर आतल्या खोलीत एकाएकी फार मोठ्याने कपाट आवरू लागली.

"तिला..." तो दारातून वळला, "तिला किती चालेल?"

"तिला आठ पॉइंट चारही चालली असती. तेलकट कागदाची घडी करून खिशात घातलीस ना, त्याच दिवशी." तुम्हीचा तू कधी झाला, हे तिलाही कळलं नाही. "मला सहा पॉइंट सहाचं भय नाही, हितेश. हा आकडा आज खाली जाईल, उद्या वर येईल. तो रोज सांभाळायचा असतो, जन्मभर. मग एकट्याने कशाला? आपण दोघं सांभाळू. उद्याचं कुणाला माहीत आहे? माझंसुद्धा काय सांगता येतं? पण भीतीने लग्न न करणं म्हणजे... म्हणजे घाट लागायच्या आधीच हँडब्रेक ओढून बसणं झालं. तुझे वडील शेवटपर्यंत गाडी चालवत होते ना?"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायची त्याने खटपट केली नाही. मग तो परत आला, खुर्चीत बसला आणि टेबलावर हात पालथा ठेवला.

"पट्टा बांधा," तो म्हणाला. "...बांध."

या वेळीही बकल लागायला फार वेळ लागला.

संध्याकाळी ती त्याच्याबरोबर चालत निघाली. फाट्यावर तीच टपरी, तोच तळणीचा वास. दोघंही एकदमच थांबले, एकमेकांकडे बघून हसले.

"तीन महिने झाले," हितेश म्हणाला. "महिन्यातून एकदा चालतं बोललेलीस. तीन जमा हायत."

"एक. दोघांत एक. आणि मिरच्या दोन्ही माझ्या."

त्याने वडापावचे दोन भाग केले. मोठा भाग तिला दिला. ट्रेलरांची रांग संथपणे सरकत होती. कुठून तरी बाबाजीने ओळखीचा हॉर्न वाजवला, एकदा, दोनदा, आणि मग वाजवतच राहिला.

"घरी आयसला काय सांगू?" हितेशने कागदाची घडी खिशात टाकत विचारलं. "कोण येतेय बोलू?"

हेमांगीने दुसरी मिरची चावली, डोळ्यांत आलेलं पाणी पुसलं आणि म्हणाली,

"सांग, मीठ कमी टाकणारी येतेय. पण चिमूटभर चालेल."